देवघरावरचा नऊ व्होल्टचा कोपरा

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलच्या छताचे दिवे पहिल्यांदा लागले ते ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याला. ते पहिल्यांदा नीट लागले ते १ सप्टेंबरला. मधले पावणेपाच महिने कशात गेले ते लिहून ठेवतेय, कारण त्या काळात माझ्यासारख्या कुणीतरी मराठीत लिहिलेलं काही सापडलं असतं, तर निदान एक कुरिअर आणि बराच संताप वाचला असता.

आधी एक सांगते. मी पतसंस्थेत हिशेब बघते. विजेतलं मला दहावीच्या विज्ञानापलीकडे काही येत नव्हतं. जे काही कळलं ते नणंदेमुळे. ती सांगलीकडे एका आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवते. या सगळ्या प्रकरणात ती एकदाही डोंबिवलीत आली नाही. जे झालं ते व्हिडिओ कॉलवर झालं.

आमचा हॉल पंधरा फूट बाय दहा फुटांचा. फॉल्स सीलिंगच्या चारही कडांना आतल्या बाजूनं एलईडीची पट्टी फिरवलेली, पाच मीटरचे तीन रोल एकापुढे एक जोडून. पट्टी बारा व्होल्टची. घरातल्या २३० व्होल्टचे बारा करणारा जाळीदार पत्र्याचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात आणि आमचा इलेक्ट्रिशियन ‘ड्रायव्हर’ म्हणतो, तो दाराजवळच्या कोपऱ्यात सीलिंगच्या आत ठेवलेला होता. पट्टी तिथून निघून खोलीला पूर्ण फेरा घालून परत त्याच कोपऱ्यात येते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक गंमत दिसत होती. फेऱ्याची सुरुवात लखलखीत आणि शेवट पिवळट, मंद, आणि दोन्ही अगदी एकमेकांच्या शेजारी. शेवटाचा तुकडा नेमका देवघरावर. सासूबाई म्हणाल्या, “देवाजवळ समईसारखा उजेड आहे, छान आहे.” मला ते खटकत होतं, पण इंटिरियरवाल्या कंत्राटदाराचं म्हणणं, “मॅडम, लांब पट्टीला एवढा फरक राहणारच.”

तो फरक का राहतो हे मला ऑगस्टमध्ये कळलं. इथे आधीच सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात आणि त्यांच्यासोबत करंटला आवर घालणारा एक रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांचे नऊ. उरलेले तीन व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि किती करंट वाहणार ते त्या तीनावर ठरतं. आता पट्टीवरच्या तांब्याच्या पातळ थरातून जाता जाता दोन व्होल्ट गळाले, की बाराचे दहा होतात. ऐकायला ही घट किरकोळ वाटते. पण रेझिस्टरच्या वाट्याला तीनाऐवजी एकच व्होल्ट उरतो आणि करंट जवळपास एक तृतीयांशावर येतो. थोडासा उजेड कमी होण्याचा हा मामला नाही. म्हणूनच पाच मीटरच्या पुढे पट्टी सलग जोडू नका असं बहुतेक रोलच्या वेष्टणावर छापलेलं असतं. आमच्या रोलच्या वेष्टणावरही होतं. वेष्टण कंत्राटदाराच्या माणसानं कचऱ्यात टाकलं होतं, मी ते नंतर दुकानात दुसऱ्या रोलवर वाचलं.

८ जूनला, शनिवारी, इलेक्ट्रिशियनदादांना बोलावलं. स्टुलावर चढून त्यांनी ड्रायव्हरवरचा एक बारीक स्क्रू स्क्रूड्रायव्हरनं थोडा फिरवला. देवघरावरचा उजेड जरा वाढला. दोनशे रुपये. त्या स्क्रूशेजारी इंग्रजीत ‘व्ही एडीजे’ असं लिहिलेलं असतं. त्यानं बाहेर पडणारे व्होल्ट दहा टक्क्यांच्या आसपास कमी-जास्त करता येतात. त्यांनी बाराचे तेरा केले होते. शेवटच्या टोकाला त्याचा थोडाच उपयोग झाला, पण सुरुवातीचा रोल मात्र गरजेपेक्षा जास्त जळायला लागला. महिन्याभरात तिथल्या जोडापाशी पट्टी तपकिरी पडली आणि मागचा चिकटपट्टा सुटून ती लोंबायला लागली. तेव्हा आम्ही म्हटलं, चिकटपट्टा हलका दिसतोय.

१३ जुलैला ते परत आले. या वेळी त्यांनी डोकं चालवलं. शेवटचं टोक ड्रायव्हरच्या शेजारीच येतं, मग त्यालाही तिथूनच सप्लाय दिला. फेरा दोन्ही बाजूंनी जोडला गेला. चारशे रुपये. दिवे लागले आणि खरंच सगळी खोली एकसारखी उजळली! मी मनापासून चहा दिला.

दोन दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, दिवे लागून वीसेक मिनिटं झाली आणि सगळी पट्टी डोळे मिचकावायला लागली. लागे, जाई, लागे, जाई. सेकंदाला एकदा, अगदी ठेक्यात. बंद करून अर्ध्या तासानं लावले की पुन्हा वीस मिनिटं बरे. २० जुलैला निदान झालं, “ड्रायव्हर गेला.” दादांनी स्वतःच नवा आणला. त्यावर ‘१२ व्होल्ट २० अँपिअर’ असं मोठ्या अक्षरात. सातशे रुपये ड्रायव्हरचे, दोनशे मजुरी. जुना ते घेऊन चालले होते, पण हिशेबातल्या माणसाला नोंद केल्याशिवाय मोडीत काढलेली वस्तू सोडवत नाही. मी ठेवून घेतला. त्यावर दहा अँपिअर, १२० वॅट लिहिलं होतं आणि वॉरंटी दोन वर्षांची होती. पुढे हाच जुना डबा उपयोगी पडला, म्हणून सांगते, काढलेला सुटा भाग इलेक्ट्रिशियनला देऊन टाकू नका.

आता वॉरंटी. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, उत्तर मिळालं की पक्कं बिल हवं, त्यावर मॉडेल क्रमांक हवा, आणि डब्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो हवा. आमच्याकडे होता कंत्राटदाराचा एक कागद, त्यावर ‘सीलिंग लाइट कम्प्लीट’ असं एकरकमी. २२ जुलैला त्याच्याकडे पक्कं बिल मागितलं. तो म्हणाला, “ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडून काढून देतो.” सहा फोन आणि दोन चकरा झाल्यावर २ ऑगस्टला बिल हातात आलं. त्यावर एका अंकानं मॉडेल चुकलेलं. ते दुरुस्त करून घ्यायला आणखी एक संध्याकाळ. काम देतानाच ड्रायव्हर, पट्टी आणि वायर वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या, एवढं जरी मला कुणी मार्चमध्ये सांगितलं असतं तर हे पंधरा दिवस वाचले असते. ३ ऑगस्टला कुरिअर केलं, १६० रुपये. आत बिलाची प्रत, सीरियल नंबरचा फोटो आणि तक्रारीचं वर्णन घातलं. वर्णनात मी लिहिलं होतं, ‘दिवे लुकलुकतात.’ पट्टी किती लांब, भार किती, यातलं काहीच नाही. ते मला माहीतच नव्हतं.

इकडे नवा ‘वीस अँपिअर’ दहा ऑगस्टच्या सुमाराला कुरकुरायला लागला. अक्षरशः. सीलिंगमधून बारीक गुणगुण ऐकू यायची. मुलीनं फोटो काढला तर मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण संध्याकाळभर तिथे बसलं की डोकं जड व्हायचं. पंधरा ऑगस्टनंतर उजेडच उतरला, सगळीकडे सारखाच मंद.

२० ऑगस्टला जुना ड्रायव्हर परत आला. सतरा दिवसांनी. सोबत छापील चिठ्ठी, ‘तपासणीत दोष आढळला नाही. रेटिंगपेक्षा जास्त भार जोडू नये.’ माझं डोकंच फिरलं. सहा महिन्यांच्या आत वस्तू बंद पडते आणि हे म्हणतात दोष नाही! दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला. मराठीत बोलता येतं, हे कळून बरं वाटलं. त्यांनी बिलाची तारीख, रक्कम, कंपनीशी काय बोलणं झालं हे शांतपणे विचारून घेतलं आणि तक्रारीचा क्रमांक दिला. फोन ठेवला आणि रात्री नणंदेला सगळं ऐकवलं. मला सहानुभूती हवी होती. ती म्हणाली, “वहिनी, चिठ्ठी खरी असली तर?”

मग तिनं विचारलं, “दिवे लागलेले असताना व्होल्टेज किती होतं?” मी म्हटलं, दादांनी मोजलं होतं, बरोबर होतं. “पट्टी जोडून की सोडून?” हे मी त्यांना फोनवर विचारलं. सोडून. नणंद म्हणाली, “रिकाम्या हातानं सगळेच ताठ चालतात. डोक्यावर पोतं देऊन बघ.”

त्या रविवारसाठी, २५ ऑगस्टसाठी, तिनं मला दोन वस्तू आणायला सांगितल्या. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, स्टेशनजवळ ३२० रुपयांना मिळाला. दुसरी वस्तू गॅरेजमधून, ड्रायव्हरवर भार टाकायला गाडीच्या हेडलाइटचा एच-फोर बल्ब, ६० आणि ५५ वॅटच्या दोन फिलॅमेंटचा. १३० रुपये. गॅरेजवाल्यानं विचारलं, “कुठली गाडी?” मी म्हटलं, “हॉल.”

सूचना अशा होत्या. २३० व्होल्टच्या बाजूला मी हात लावायचा नाही, ते काम दादांचं. ड्रायव्हरचा डबा उघडायचा नाही, बंद असला तरी नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. कुठलीही वायर हलवण्याआधी एमसीबी पाडायची. मोजायचं ते फक्त बारा व्होल्टच्या बाजूला. दादांना सकाळी बोलावून त्यांच्याकडून जुना ड्रायव्हर तीन पिनांच्या वायरनं टेबलावर जोडून घेतला. ते निघताना म्हणाले, “ताई, एवढं कशाला? नवा टाकून देतो ना.”

पहिली चूक मी दहा मिनिटांतच केली. मीटरची लाल वायर करंट मोजण्याच्या ‘१० अँपिअर’ भोकात राहिली होती आणि मी तशीच व्होल्टेज मोजायला गेले. त्या भोकात वायर असली की मीटर म्हणजे एक सरळ तार. चट्‌ आवाज, ठिणगी, आणि ड्रायव्हर बंद. नणंद पलीकडून ओरडली. त्यानं स्वतःला वाचवलं, दोन सेकंदांत परत चालू झाला. हेच मी भिंतीतल्या सॉकेटवर केलं असतं तर आज हे लिहीत नसते. माझ्या मीटरवर त्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलंही होतं, म्हणजे मध्ये फ्यूजसुद्धा नाही. करंट मोजून झाला की वायर लगेच मूळ जागी. मी आता ते तोंडानं म्हणत करते.

जुना ड्रायव्हर, काही न जोडता: १३.१ व्होल्ट. “तेरा कसे?” नणंद. तेव्हा स्क्रूची जूनमधली कहाणी बाहेर आली. स्क्रू हळूच मागे फिरवून बरोबर १२.० केले. मग हेडलाइटचा बल्ब. हा बल्ब भट्टीसारखा तापतो, त्यामुळे तो लोखंडी तव्यावर ठेवला, काचेला बोट न लावता. एक फिलॅमेंट जोडलं. थंड फिलॅमेंट सुरुवातीला जास्त करंट ओढतं, म्हणून ड्रायव्हर क्षणभर अडखळला आणि मग सुरळीत. करंट साडेचार अँपिअरच्या आसपास, व्होल्ट १२.०. तासभर ठेवला. व्होल्ट १२.०. शेवटी काही सेकंद दोन्ही फिलॅमेंट एकदम, साडेनऊ अँपिअर. ११.९.

म्हणजे जो ड्रायव्हर ‘गेला’ म्हणून मी कुरिअरनं पाठवला, ज्याच्यासाठी १९१५ ला फोन केला, तो ठणठणीत होता. चिठ्ठी अक्षरशः खरी होती. थोडा वेळ मी गप्पच बसले.

नवा ‘वीस अँपिअर’ मात्र रिकामा असताना १२.२, एका फिलॅमेंटला ११.०, आणि दोन्ही लावल्यावर ८.७ आणि तीच गुणगुण. वीसचा दावा, आणि नऊ-दहा अँपिअरलाच गुडघे टेकले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर दहा अँपिअरच्या जुन्या डब्यापेक्षा हलका भरला. वजन हा काही पुरावा नव्हे, पण शंका यायला पुरेसा आहे. जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. चांगला कपॅसिटर वरून सपाट असतो. नणंदेचं म्हणणं, बंद जिप्समच्या आत, वारा नाही, त्यात क्षमतेपेक्षा जास्त काम. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कॅमेऱ्यातले काळे पट्टे आणि गुणगुण याच्याच खात्यावर गेले.

तिनं आणखी एक बघायला सांगितलं, आर-नंबर. एलईडीच्या ड्रायव्हरला आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. मानक आहे आयएस १५८८५, भाग २, विभाग १३. नोंदणीचा ‘आर-’ ने सुरू होणारा क्रमांक डब्यावर छापलेला हवा. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकला की बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता दिसतो. जुन्या डब्यावर तो होता आणि जुळला. नव्यावर मानकचिन्हही नव्हतं आणि क्रमांकही नव्हता.

पण मग लुकलुकत का होतं? इथे मला खरा रस वाटायला लागला, कारण हा सरळ ताळा जमवण्याचा प्रश्न होता. दुपारी जुना ड्रायव्हर पुन्हा छताच्या पट्टीला जोडला, स्क्रू जूनसारखा १३ वर नेला आणि दादांनी जोडलेलं शेवटचं टोक सोडवलं, म्हणजे मूळ एकेरी फेरा. स्टूल सरकवत चार जागी मोजलं. ड्रायव्हरवर १३.०. पहिल्या रोलच्या शेवटी १०.६. दुसऱ्याच्या शेवटी ९.५. देवघरावर ९.२. एकूण करंट ७.८ अँपिअर.

मग तिन्ही रोल एकमेकांपासून सोडवून प्रत्येकाला एकेकट्याला, बारा व्होल्टवर मोजलं. ४.९, ५.०, ४.८. बेरीज १४.७. वेष्टणावरचा आकडा तर मीटरला १४.४ वॅट, म्हणजे १५ मीटरला २१६ वॅट, १८ अँपिअर. दहा अँपिअरच्या ड्रायव्हरवर हे तीन रोल मुळात बसतच नव्हते. एप्रिल ते जुलै ते चालले कारण पट्टीत व्होल्ट गळत होते. पुढचे दोन रोल अर्धपोटी होते म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यावर आठच अँपिअर पडत होते. दादांनी शेवटाला सप्लाय दिला आणि उपाशी रोल जेवायला बसले. फेरा परत जोडून दोन्ही टोकांचा करंट वेगवेगळा मोजला, तो ६.२ आणि ६.० भरला. बारा अँपिअरच्या वर. थंड असताना ड्रायव्हरनं ते पेललं, पण तापल्यावर स्वतःला वाचवायला बंद पडायला लागला. एक सेकंद थांबून परत प्रयत्न, परत बंद. तोच तो ठेका. एका दोषानं दुसरा झाकलेला होता आणि पहिला दुरुस्त केल्यावर दुसरा उघडा पडला. पतसंस्थेत अशी एक जोडी मी पाहिलेली आहे, एक चूक जमेत आणि तेवढीच खर्चात, ताळेबंद जुळलेला. एक दुरुस्त करा, लगेच फरक निघतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. नवा ड्रायव्हर सीलिंगमधून काढण्याआधी, तो चालू असताना, त्याच्या पत्र्याला माझा हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. झटका नव्हे, सूक्ष्म झिणझिण्या. व्हिडिओवर दाखवलं तर त्याच्या अर्थिंगच्या स्क्रूला वायरच नव्हती. अशा डब्यांत आतल्या लहान कपॅसिटरमधून थोडी वीज पत्र्यावर येतेच. अर्थिंग असेल तर ती निमूट जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर २३० च्या जवळपास निम्मे व्होल्ट टांगलेले राहतात. दादांनी नंतर त्यांच्या मीटरनं मोजलं, शंभरच्या वर आकडा आला. करंट अगदी कमी असतो म्हणून मुंग्यांवर भागतं, पण स्टुलावर उभ्या माणसाला दचकून पडायला तेवढं पुरतं. सीलिंगचे सांगाडे लोखंडी असतात हेही आहेच. अर्थिंगची वायर जोडली आहे का, हे कामाच्या दिवशीच बघून घ्या, झाकण बंद होण्याआधी.

२६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीची सुट्टी होती, मी १९१५ ला फोन करून तक्रार मागे घेतली. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, “वस्तू चांगली आहे, चूक जोडणीत होती.” त्यांना अशी उत्तरं रोज मिळत नसावीत.

उपायाचे दोन रस्ते होते. सगळी पट्टी चोवीस व्होल्टची घेणं हा पहिला. तेवढ्याच उजेडाला करंट निम्मा लागतो आणि गळती खूपच कमी. नव्यानं काम करणाऱ्यांनी एवढ्या लांबीला हाच घ्यावा असं नणंदेचं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे पट्टी आधीच लागलेली, म्हणून दुसरा: प्रत्येक रोलला स्वतंत्र ड्रायव्हर. एकच मोठा, ३५० वॅटचा, आणता आला असता, पण त्यात बहुधा पंखा असतो आणि हॉलमध्ये रात्री तो ऐकू येतो. शिवाय तो गेला की सगळा अंधार. रोलला पाच अँपिअर लागतात, ड्रायव्हर क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त चालवू नये, म्हणून साडेआठ अँपिअरचे दोन नवे आणि तिसरा आपला जुनाच.

३१ ऑगस्टला शनिवारी लोकलनं सीएसएमटी आणि तिथून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूनं चालत लोहार चाळ. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. गणपती आठवड्यावर आलेले, दिव्यांच्या माळांसाठी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदारानं आधी तोच ‘वीस अँपिअर’ वाला डबा पुढे केला, स्वस्तातला. मी मोबाइल काढून आर-नंबर शोधायला लागले तसा त्यानं न बोलता तो आत ठेवला आणि दुसरा काढला. साडेआठ अँपिअरचे दोन, १,५६० रुपये. वायर ६२० रुपयांची, जवळच्या दोन रोलसाठी दीड स्क्वेअर (म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर) आणि लांबच्यासाठी अडीच. पक्कं बिल. मॉडेल क्रमांक मी काउंटरवरच ताडून पाहिला.

लांबचा रोल समोरच्या भिंतीवर सुरू होतो, वायर सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटर. अडीच स्क्वेअरच्या वायरला मीटरमागे साधारण ०.००८ ओहम, पाच अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट गळती. पाऊण स्क्वेअरची वायर घेतली असती तर दीड व्होल्ट गेला असता. हा हिशेब मी लोकलमध्ये बिलाच्या मागे केला आणि नणंदेला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, बरोबरची खूण आणि एक लाडू.

१ सप्टेंबरला दादा आले. त्यांना मी वहीतले आकडे दाखवले. अवघड क्षण होता, पण ते चिडले नाहीत. वही दोनदा वाचली आणि म्हणाले, “पट्टी लावून कधी मोजलंच नव्हतं.” पाच तास काम चाललं. रोलमधले जोड कापून तिन्ही वेगळे केले. हे महत्त्वाचं, कारण वेगवेगळ्या ड्रायव्हरचे पॉझिटिव्ह पट्टीतून एकमेकांना जोडलेले राहिले तर ते आपसात भांडतात. पहिल्या रोलचा तपकिरी पडलेला तुकडा खुणेच्या रेषेवर कापून टाकला. तिन्ही ड्रायव्हर सीलिंगमधून काढून बाहेरच्या पॅसेजमधल्या माळ्यावर, भिंतीला ठोकलेल्या फळीवर, एकमेकांत चार बोटं अंतर ठेवून. तिथे वारा लागतो आणि शिडीवरून हात पोहोचतो. तिघांना अर्थिंग. मजुरी १,२०० आणि देवघरावरच्या रोलला माझ्या हट्टानं वेगळा स्विच. लांबच्या ड्रायव्हरचा स्क्रू १२.४ वर ठेवला, म्हणजे पट्टीवर १२ च्या जवळ पोहोचतात. त्या स्क्रूचा खरा उपयोग हा.

सगळा खर्च मांडायचा तर चुकीच्या वाटेवर १,६६० गेले आणि बरोबर वाटेवर, मीटर आणि बल्ब धरून, ३,८३०. कंत्राटदाराला वहीची पानं पाठवली. आठवडाभर उत्तर नाही. मग एक दिवस त्यानं न बोलता १,५०० रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, पुढच्या साइटसाठी ते गणित पाठवाल का?’ पाठवलं.

दिवे लावून तासाभरानं वहीत शेवटचे आकडे लिहिले. तिन्ही रोलच्या सुरुवातीला बारा, शेवटी साडेदहाच्या आसपास. पहिल्यासारखा भेद कुठे दिसत नव्हता. ड्रायव्हरला हात लावला तर कोमट, मुंग्या नाहीत.

७ सप्टेंबरला गणपती बसले. संध्याकाळच्या आरतीनंतर सासूबाई देवघराकडे वर बघत उभ्या राहिल्या. “तो कोपरा आधीसारखा नाही का गं करता येणार? डोळ्यांवर येतं.” मी जूनपासूनचं सगळं आठवलं, तोंडावर आलेलं गिळलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन माळ्याची शिडी लावली. स्क्रू डावीकडे, अगदी हळू. १०.९. खालून आवाज आला, “हां, बास.”